कंदील आधी

रविवारी हरिपुरात सुनावणी झाली.
समाजमंदिरात तीस खुर्च्या, माणसं दोनशे,
एक पडदा, आणि पडद्यावर
लांब चोचीची पांढरी गाडी
कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या शेतांतून
आवाज न करता निघालेली.

साहेब म्हणाले, मत नोंदवा.
अर्जावर दोनच चौकोन होते.

बिरनाळेदादांनी चष्मा पुसला.
एका किलोमीटरला किती?
आकडा ऐकून शून्यं मोजायला
त्यांनी स्वतःची बोटं वापरली,
मग शेजाऱ्याची.
म्हणाले, हे पोत्यात सांगा हो.
हळदीच्या पोत्यात सांगितलं की
आम्हाला लगेच कळतं.
साहेबांच्या तक्त्यात पोती नव्हती.

नदाफांची शमशाद उठली.
पुण्याला नोकरी. शुक्रवारी रात्री निघते,
शनिवारी पहाटे पोचते, रविवारी परत.
'आईला माझा चेहरा
झोपलेलाच ठाऊक आहे,' म्हणाली.
'येऊ दे गाडी.'
कुणी अडवलं नाही तिला.
मागच्या रांगेत टाळ्याही वाजल्या, थोड्या.

'पण थांबणार कुठं?' शशिकला खोत बसल्या जागेवरूनच.
साहेबांनी नकाशावर काठी फिरवली,
इथं एक थांबा, मग थेट तिथं.
मधे आम्ही होतो,
काठीच्या सावलीत.
'म्हंजे शमशाद आमाला खिडकीत दिसणार.
डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली!'
सगळे हसले. शमशादसुद्धा.
हसून झाल्यावर शशिकला म्हणाली,
'त्यापरास सकाळची पॅसेंजर सुरू करा की.
खर्चायला काय लागंल,
एक इंजन आन् एक घंटा.'

मग मला उठवलं.
मी पेवात उतरणारा. चाळीस वर्षं.
वर बघाल तर नुसती माती, वर कुत्रं झोपलेलं,
खाली पंचवीस फूट पोट,
पोटात दोन-दोन वर्षांची हळद,
कीड नाही, ओल नाही.
पुरानं पुष्कळ पेवं खाल्ली. जी उरली
ती कुठं आहेत हे कागदापेक्षा
पायांना जास्त माहीत.

मार्चात यांचं यंत्र आलं होतं, माती तपासायला.
भोक पाडता पाडता एकाएकी सैल झालं,
पोकळीत गेलं,
आणि वर आलं ते पिवळंधमक.
यंत्रावरचा पोरगा चिमूट घेऊन विचारतो,
'काका, हे कुठलं खनिज?'
मी म्हटलं, चाखून बघ.

सुनावणीत मी एवढंच सांगितलं:
पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही.
झाकण काढून ठेवायचं. बसायचं. तंबाखू मळायची.
घाई केली तो दत्तू, त्याची चप्पल
अजून माझ्या डोळ्यांपुढं कडेला पडलेली आहे.
आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा.
जळत राहिला तर माणूस.
विझला तर वाट बघायची,
खाली कितीही लाखांचा माल असो.
साहेब, तुम्ही माणसं उतरवताय,
आधी काय सोडलं खाली?

साहेब चांगला माणूस होता, पाणी प्यायला.
कारकुनानं शेजारच्याला विचारलं, हे कशात धरायचं,
आणि दोन चौकोनांच्या बाहेर,
समासात, बारीक अक्षरात लिहिलं: इतर.

रात्री कॉलेज कॉर्नरला शमशादची बॅग मी उचलली.
बॅगेत लोणचं असणार, जड होती.
'शिदूकाका, तुम्ही विरोधात?'
नाही गं. कंदील सोडलाय नुसता.
दोर हातात आहे.
'जळतोय का?'
दिसत नाही अजून. खोल आहे.

ट्रॅव्हल्स पाऊण तास उशिरा आली.
तोवर दोघं उभे होतो,
ती मोबाइलात वेळ बघत,
मी खाली.